ट्रेंट पार्क: ससूनांच्या बंगल्याचे फ्लॅट कसे झाले (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे ट्रेंट पार्क नक्की आहे कुठे?

लंडनच्या अगदी उत्तर टोकाला, एनफील्ड बरोमध्ये. हीथ्रोला उतरून ट्यूबच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहिलात की गाडीवर कॉकफॉस्टर्स असं नाव दिसतं ना, आणि सगळे भारतीय ते वाचून एकमेकांकडे बघून हसतात, तेच ते पिकॅडिली लाइनचं शेवटचं स्टेशन. तिथून चालत पार्कच्या गेटात जाता येतं. आत शेकडो एकर झाडी, तळं, गवताळ माळ, आणि मधोमध लाल विटांचा, पांढऱ्या दगडी कोपऱ्यांचा भलामोठा बंगला. इंग्रज त्याला मॅन्शन म्हणतात. आता त्याच्या वरच्या मजल्यांवर फ्लॅट आहेत, तळमजला आणि तळघर म्युझियमसाठी राखलंय, आणि आजूबाजूला नवी घरं उठलीत.

लंडनच्या एका बंगल्याबद्दल मराठीत एवढं कशाला?

कारण हा बंगला ससूनांचा. तेच ससून हो, पुण्याचं ससून हॉस्पिटलवाले, कुलाब्याच्या ससून डॉकवाले, काळा घोड्याच्या लायब्ररीवाले. इंग्रजीत ट्रेंट पार्कवर लिहिलेलं वाचलंत तर फिलिप ससून म्हणजे एक श्रीमंत, नखरेल, पार्ट्या देणारा खासदार एवढंच कळतं, घराण्याचा पैसा कुठून आला याचं एका वाक्यात "बगदादचे व्यापारी" म्हणून काम तमाम. मधली मुंबईची सत्तरेक वर्षं गायब! माझी तक्रार तेवढीच आहे आणि हे पान त्यासाठीच लिहिलंय.

बरं, मग मुंबईचा पैसा एनफील्डला कसा पोचला?

डेव्हिड ससून बगदादहून आले, १८३० च्या दशकात मुंबईत स्थायिक झाले. कापूस, कापड आणि अफू. अफूचं नाव घेतलं की लोक जरा घसा खाकरतात पण ते टाळून चालणार नाही. माळव्यात, म्हणजे बराचसा होळकर आणि शिंद्यांच्या मुलखात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या धंद्यात ससूनांची पेढी सगळ्यात वर होती. त्यात १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद, मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस हवा, भाव आकाशाला, मुंबईत पैसा नुसता वाहत होता. त्या पैशातून आपल्याकडेही बरंच उभं राहिलं हे मान्य करायला हवं.

डेव्हिड १८६४ साली पुण्यात वारले, त्यांची कबर तिथल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या आवारात आहे. मुलगा अब्दुल्ला, तो पुढे अल्बर्ट झाला. ससून डॉक त्याने बांधलं, १८७५ साली. काळा घोडा ज्या पुतळ्यामुळे काळा घोडा झाला तो प्रिन्स ऑफ वेल्सचा घोड्यावरचा पुतळासुद्धा याच्याच पैशाने, जो नंतर १९६५ साली उचलून राणीच्या बागेत नेला. मग हे अल्बर्टसाहेब इंग्लंडला गेले, राजघराण्यात उठबस वाढवली, १८९० साली बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे 'सर' झाले. त्यांचा मुलगा एडवर्ड. जन्म मुंबईचा, १८५६. लग्न पॅरिसच्या रॉथशील्ड या बँकवाल्या घराण्यातल्या अलीनशी, खासदारकी केंटमधल्या हाइदची. या मुंबईत जन्मलेल्या एडवर्डनेच १९०९ साली ट्रेंट पार्क घेतलं, आणि ते वारल्यावर १९१२ साली सगळं गेलं मुलाकडे, फिलिपकडे. वय २३. वडिलांची खासदारकीची जागाही त्यालाच मिळाली.

तीन पिढ्यांत बगदादी झग्यातून लंडनच्या सूटमध्ये.

ससूनांच्या आधी कुणाचं होतं?

आधी ते एनफील्ड चेस नावाचं राजाचं शिकारीचं रान होतं. १७७७ साली ते वाटून टाकलं तेव्हा तिसऱ्या जॉर्जने त्यातला एक तुकडा डॉक्टर रिचर्ड जेब यांना दिला. कारण मजेशीर आहे, राजाचा धाकटा भाऊ ड्यूक ऑफ ग्लॉस्टर आल्प्समधल्या ट्रेंटो गावात मरणाच्या दारात पडला होता, जेब तिथे जाऊन त्याला बरं करून आले, म्हणून जमीन बक्षीस आणि गावाचं नाव जमिनीला. जेबनी छोटासा व्हिला बांधला. मग चारपाच मालक बदलले, ते सोडून द्या. १८३३ पासून बेव्हन कुटुंब, बँकवाले, पुढे ज्या पेढ्यांमधून बार्क्लेज बँक झाली त्यातलं एक. रॉबर्ट बेव्हन फार धार्मिक माणूस, कॉकफॉस्टर्सचं चर्च त्यानेच बांधून दिलं. बेव्हनांनी घर वाढवत वाढवत व्हिक्टोरियन पद्धतीचं बोजड करून टाकलं होतं.

जमीन मात्र पूर्ण मालकीची नव्हती हां, राजघराण्याच्या डची ऑफ लँकेस्टरकडून भाडेपट्टा. हे लक्षात ठेवा, खाली फ्लॅटच्या प्रश्नात उपयोगी पडेल.

आज जे घर दिसतं ते मग कुणाचं?

फिलिपचं. १९२६ ते १९३१ या काळात त्याने बेव्हनांच्या घराची जांभळट वीट सोलून काढली आणि जुन्या घराला नवा चेहरा दिला. नवा म्हणजे दिसायला अठराव्या शतकातला! लंडनमध्ये पिकॅडिलीवर ड्यूक ऑफ डेव्हनशरचा राजवाडा होता तो १९२४ साली पाडला, त्याच्या विटा आणि दगड याने विकत घेऊन इथे लावले. म्हणजे तुम्ही आज जी भिंत बघता ती निम्मी अर्धी दुसऱ्याच घराची आहे. आपल्याकडे वाडा पाडला की खांब आणि दरवाजे जुन्या बाजारात जातात आणि कुठल्यातरी रिसॉर्टच्या रिसेप्शनला दिसतात, तसंच थोडं, फक्त इथे रिसॉर्टवाल्याला चव होती.

बागेत पण तेच. ओबेलिस्क, म्हणजे उंच निमुळता दगडी खांब दुसऱ्या इस्टेटीवरून आणला, पुतळे आणले, विस्टेरियाच्या वेलींचा मांडव, पोहण्याचा तलाव, गोल्फ, स्वतःची विमानाची धावपट्टी. पेंग्विनसुद्धा होते म्हणे तळ्यावर.

एवढ्या पार्ट्यांच्या गोष्टी ऐकतो त्या खऱ्या का?

बऱ्याच खऱ्या. चर्चिल इथे येऊन चित्रं काढायचे, चार्ली चॅप्लिन येऊन गेला, बर्नार्ड शॉ, लॉरेन्स ऑफ अरेबिया, आठवा एडवर्ड. भिंतींवर रेक्स व्हिसलरने चित्रं रंगवली. पाहुणा संध्याकाळी कपडे बदलत असला की नोकर ट्रेमध्ये कॉकटेल आणि कोटाला लावायचं फूल घेऊन हजर. एक किस्सा तर सगळेच सांगतात, की एका संध्याकाळी फिलिपने घरावरचा युनियन जॅक उतरवायला लावला कारण झेंड्याचे रंग सूर्यास्ताशी जुळत नव्हते. खरा खोटा देव जाणे, पण त्या माणसाबद्दल कुणालाही पटला हे महत्त्वाचं.

पण फक्त नखरे नव्हते. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश सेनापती हेगचा खासगी सचिव होता, नंतर दहा-अकरा वर्षं हवाई खात्याचा उपमंत्री, १९२८ साली विमानाने पार भारतापर्यंत दौरा करून आला. पणजोबा ज्या शहरात राजे झाले त्या देशात हा पणतू ब्रिटिश सरकारचा मंत्री म्हणून उतरला. आणि इतकं सगळं करूनही उच्चभ्रू इंग्रज त्याच्या पाठीमागे त्याला परकाच म्हणायचे, जेवायला मात्र येऊन.

लग्न केलं नाही. ३ जून १९३९ ला गेला, फक्त ५० वर्षांचा. अस्थी विमानातून याच इस्टेटीवर टाकल्या. घर नात्यातल्या हॅना गब्बे यांच्याकडे आलं, पण तीन महिन्यांत युद्ध.

युद्धात इथे जर्मन जनरल ठेवले होते म्हणे?

हो, आणि म्युझियम मुख्यतः याच गोष्टीचं आहे.

१९३९ च्या शेवटाला सरकारने घर ताब्यात घेतलं. सुरुवातीला पकडलेले जर्मन वैमानिक आणि पाणबुडीवाले इथे आणायचे. १९४२ पासून जनरल यायला लागले. आफ्रिकेत पकडलेला क्रुवेल, अल अलामीनला सापडलेला फॉन थोमा, ट्युनिशियात शरण आलेला फॉन आर्निम, नंतर पॅरिसचा फॉन कोल्टिट्झ, असे युद्ध संपेपर्यंत पन्नासहून जास्त जनरल इथून गेले. आणि त्यांना ठेवलं कसं, तर जावयासारखं! चांगलं जेवण, दारू, बिलियर्ड, वर्तमानपत्रं, बागेत फेरफटका, मधूनच लंडनमध्ये हॉटेलात जेवायला नेणं. त्यांच्या दिमतीला एक लॉर्ड अॅबरफेल्डी नावाचे स्कॉटिश उमराव, जे राजाचे नातेवाईक असल्याचं सांगायचे आणि जनरलांची विचारपूस करायचे. असे कुणी लॉर्ड अस्तित्वातच नव्हते, तो गुप्तहेर खात्याचा अधिकारी होता. जनरल मंडळींना वाटलं, आपल्या हुद्द्याला शोभेल अशीच ही वागणूक आहे. चर्चिलना हे लाड कळले तेव्हा ते भडकले होते.

पण घरभर मायक्रोफोन होते. शेकोटीत, दिव्यांच्या शेडमध्ये, जमिनीच्या फळ्यांखाली, कुंड्यांत, बिलियर्डच्या टेबलात, बागेतल्या झाडांतसुद्धा. सगळ्या वायरी तळघरात एका खोलीत, तिला एम रूम म्हणायचे, एम फॉर मायक्रोफोन. तिथे कानाला हेडफोन लावून शिफ्टमध्ये माणसं बसलेली. कामाचं काही ऐकू आलं की सुई खाली, तबकडीवर रेकॉर्डिंग सुरू, मग ते कागदावर उतरवायचं, मग भाषांतर, मग वरच्यांकडे. हे काम चालवणारा थॉमस केंड्रिक, ज्याने त्याआधी व्हिएन्नात पासपोर्ट ऑफिसच्या आडून शेकडो ज्यूंना देशाबाहेर काढलं होतं.

ऐकणारे कोण? आधी जर्मन येणारे ब्रिटिश होते पण बोली भाषा, शिव्या, तांत्रिक शब्द, मध्येच हळू आवाजात बोललेलं त्यांना झेपेना. मग १९४३ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रियातून जीव वाचवून पळून आलेले निर्वासित भरती केले, बहुतेक ज्यू. फ्रिट्झ लुस्टिग त्यातला एक, चेलो वाजवणारा मुलगा. विचार करा, ज्यांनी घरदार हिरावलं त्यांचेच सेनापती वर आरामात गप्पा मारतायत आणि तुम्ही खाली तळघरात प्रत्येक शब्द लिहून घेताय, त्यात कत्तलींची वर्णनंही येतात, आणि घरी बायकोलासुद्धा सांगायचं नाही. आणि हे सगळं एका ज्यू घराण्याच्या बंगल्यात!

त्यातून काही हाती लागलं की नुसत्या गप्पा?

लागलं की. मार्च १९४३ मध्ये फॉन थोमा क्रुवेलला म्हणाला की आपण लंडनच्या जवळपास आहोत तरी अजून मोठे आवाज काही ऐकू येत नाहीत, म्हणजे रॉकेटचं काम रखडलेलं दिसतंय. खाली टिपणाऱ्याच्या कानाने तो शब्द पकडला. इतर मार्गाने आलेल्या बातम्या आणि विमानातून काढलेले फोटो त्याला जोडले आणि १७ ऑगस्टच्या रात्री जवळपास ६०० विमानांनी पेनेम्युंडचं रॉकेट केंद्र बॉम्बने झोडपलं. एकट्या या संवादावर हल्ला झाला असं मी म्हणत नाही, पण त्याचं वजन मोठं होतं.

ज्यूंच्या हत्याकांडाबद्दलची बोलणी पण टिपली गेली होती, सविस्तर. तरी नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात ती वापरली नाहीत कारण वापरली तर चोरून ऐकण्याची पद्धत उघड झाली असती. कागद १९९० च्या दशकाच्या शेवटी खुले झाले. तोपर्यंत ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण न बोलताच गेले.

युद्धानंतर परत कुटुंबाला का नाही मिळालं?

हॅना गब्बे आवारातच राहत राहिल्या पण घराचा उपयोग बदलला. १९४७ पासून शिक्षक तयार करणारं कॉलेज, संगीत नाटक चित्रकला यासाठी नाव झालं. पुढे जमीन कौन्सिलने घेतली, शहर पसरू नये म्हणून राखलेल्या हिरव्या पट्ट्यात. १९७३ पासून पार्क सगळ्यांना खुलं. कॉलेज १९७४ साली मिडलसेक्स पॉलिटेक्निकमध्ये मिसळलं, १९९२ साली त्याची युनिव्हर्सिटी झाली. ज्या हॉलमध्ये चॅप्लिन चहा प्यायला तिथे विद्यार्थी नाटकाच्या तालमी करायचे. मला विचाराल तर घराचा सगळ्यात चांगला काळ हाच, कारण कुणालाही आत जाता यायचं. याच्याबद्दल मात्र कुणी फार लिहीत नाही.

२०१२ साली युनिव्हर्सिटी बाहेर पडली.

मग बिल्डरच्या हातात कसं गेलं?

मध्ये एक छोटा अंक आहे. मलेशियातल्या एका खासगी युनिव्हर्सिटीने कॅम्पस घेतला, लंडनची शाखा काढणार होते, ते काही झालं नाही, गाळात गेलं. घर रिकामं. इंग्लंडच्या पावसात रिकामं घर म्हणजे काय होतं सांगायला नको, छप्पर गळतं, शिशाचे पत्रे चोरीला जातात, लाकूड कुजतं. २०१५ साली बर्कली होम्सने घेतलं.

सगळीकडे जे होतं तेच, म्हणजे आधी फक्त फ्लॅट असणार अशी हवा होती. मग स्थानिक लोकांनी मोहीम उघडली, इतिहासकार मंडळी आली, एनफील्ड कौन्सिलमध्ये सभा, सह्या, पत्रं. मागणी एकच, निदान तळमजला आणि तळघर लोकांसाठी सोडा, जिथे ऐकणारे बसायचे ती जागा कुणाच्या वाइनच्या बाटल्या ठेवायला देऊ नका. २०१७ साली परवानगी मिळाली, २६२ घरं, आणि बंगल्यात म्युझियम. बिल्डरने जागा मुकाट्याने दिली नाही आणि लोकांनीही सगळं बंदच पाडा असा हट्ट धरला नाही, हा सौदा आहे सरळ सरळ. वरचे मजले विकून खालचं टिकवायचं. पर्याय काय होता, तर अजून दहा वर्षं गळणारं छप्पर.

बंगल्याचे फ्लॅट करतात म्हणजे नक्की काय करतात? पाडून बांधतात का?

नाही नाही, पाडणं शक्यच नाही. घर ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारी हेरिटेज यादीतलं आहे, बाग वेगळी नोंदलेली, आणि अख्खा परिसर कॉन्झर्व्हेशन एरियात. लिस्टेड घरात परवानगीशिवाय खिडकी बदलली तरी तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो, दंड होतो, तुरुंगवासही होऊ शकतो.

त्यामुळे काम असं होतं. बाहेरची भिंत, छप्पर, खिडक्या, जिना, छताचं प्लास्टरचं नक्षीकाम, हे जसंच्या तसं दुरुस्त करायचं. आत मात्र एका कुटुंबासाठी बांधलेल्या मजल्याचे वेगवेगळ्या कुटुंबांसाठी तुकडे करायचे. सगळ्यात डोकेदुखी पाइपची. जुन्या घरात बाथरूम दोन टोकांना, आता प्रत्येक फ्लॅटला दोन दोन बाथरूम आणि किचन, मग ते ड्रेनेजचे पाइप नक्षीच्या छताला धक्का न लावता कुठून न्यायचे? मग आग. दोन फ्लॅटमधली जमीन आणि भिंत ठरावीक वेळ आगीला अडवणारी हवी, जुन्या लाकडी फळ्या त्यात बसत नाहीत, म्हणून फळ्या नंबर टाकून उचलायच्या, खाली आवाज आणि आग अडवणारे थर घालायचे, परत त्याच फळ्या त्याच जागी. खिडक्यांना नवीन डबल काच सहसा लावू देत नाहीत, आतून दुसरी पातळ खिडकी बसवतात. दिवाणखाना उंच असेल तर मध्ये पोटमाळा टाकायचा मोह होतो पण खोलीचं प्रमाण बिघडतं म्हणून अधिकारी बऱ्याचदा नाही म्हणतात.

आणि जी घरं जास्त विकायची असतात ती बंगल्यात नसतातच, ती आवारात नवी बांधतात. बंगल्यावर जो खर्च होतो तो त्यांच्यातून निघतो.

फ्लॅट घेतला की बंगल्याचा तुकडा माझा?

इथे आपली माणसं गोंधळतात. इंग्लंडमध्ये फ्लॅट बहुतेक वेळा लीजहोल्ड असतो. तुम्ही पैसे मोजता ते ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याचे, १२५, २५०, ९९९ वर्षं, जे काय कागदात असेल ते. जमीन आणि इमारतीचा सांगाडा फ्रीहोल्डरचा, म्हणजे मूळ मालकाचा. आठवलं का, बेव्हनांकडेही जमीन भाडेपट्ट्याचीच होती आणि ससूनांनी तोच पट्टा घेतला. बेव्हनांसारख्या बँकवाल्यांची जी गत, तीच आज टू बीएचके घेणाऱ्याची.

मुंबई पुण्यात आपण सोसायटी करतो, कन्व्हेयन्ससाठी बिल्डरच्या मागे लागतो, कमिटीत भांडतो, पण शेवटी इमारत सभासदांची. तिथे तसं आपोआप होत नाही. मेंटेनन्सला सर्व्हिस चार्ज म्हणतात आणि तो मॅनेजिंग एजंट ठरवतो. जुन्या लिस्टेड इमारतीत छप्पर दुरुस्ती निघाली की त्याचा वाटा सगळ्यांच्या खात्यात येतो, आणि दुरुस्ती पण साधी नाही, दगडाला तोच दगड, चुन्याला चुना. एक चांगलं झालंय, ३० जून २०२२ पासून केलेल्या नव्या पट्ट्यांवर ग्राउंड रेंट घेता येत नाही. आधी केलेल्या पट्ट्यांचं ज्याच्या त्याच्या कागदात बघायचं.

बिलियर्डच्या खोलीत आता कुणी राहतं का?

तळमजल्यावरच्या मोठ्या खोल्या म्युझियमच्या वाट्याला, त्यामुळे नाही. वरच्या मजल्यावर जिथे जनरल झोपायचे तिथे मात्र लोकांची बेडरूम आहेत. मायक्रोफोन केव्हाच काढलेत, काळजी नको.

मुंबई पुण्यातल्या ससूनांच्या घरांचं काय झालं?

भायखळ्याचा सान्स सूसी बंगला म्हणजे आजचं मसिना हॉस्पिटल, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून. तो जिना बघा कधीतरी, पेशंटच्या नातेवाइकांच्या गर्दीत कुणाचं लक्ष जात नाही. पुण्यात डेव्हिड ससूननी १८६० च्या दशकात गार्डन रीच बांधलं, लाल देऊळ आणि जुनं ससून हॉस्पिटल ज्याने आखलं त्याच हेन्री विल्किन्सकडून. तीनही इमारती तीसचाळीस मिनिटांत चालत बघून होतात, ट्रॅफिक धरूनसुद्धा.

यांच्यापैकी एकाचेही फ्लॅट झाले नाहीत हे लक्षात घ्या. हॉस्पिटल, देऊळ, लायब्ररी, गोदी, यांना रोजचा उपयोग राहिला म्हणून टिकल्या. मुंबईत बाकीच्या जुन्या बंगल्यांचं मात्र वेगळं, वांद्रे, गावदेवी, मलबार हिल सगळीकडे, बंगल्याच्या जागी टॉवर आणि टॉवरला बंगल्याचं नाव. एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क, जमिनीचा मिळतो, जुन्या भिंतीचा नाही, मग भिंत कोण ठेवेल? ट्रेंट पार्कला परवानगीच या अटीवर होती की भिंत उभी राहील. हेरिटेजबद्दल इंग्रजांना फार प्रेम आहे म्हणून नव्हे, अट न पाळल्यास विकता येत नाही म्हणून. १९२४ साली याच इंग्रजांनी डेव्हनशर हाउस पाडलंच ना.

बघायला जाता येतं का? मुलांना घेऊन?

पार्क फुकट आहे, जरूर जा. कॉकफॉस्टर्स किंवा ओकवुड, दोन्हीकडून चालत. आत कॅफे आहे, घोड्यांचं केंद्र आहे, झाडांवर दोरांनी लटकायचा खेळ आहे, मुलं खूश. एप्रिलच्या आधी गेलात तर डॅफोडिल, मेच्या आसपास विस्टेरिया. जंगलात आत कॅमलेट मोट म्हणून एक जुना खंदक आहे, पाणी आणि चिखल, पण फिलिप ससूनने तिथे उत्खनन करवलं होतं म्हणून मला तो आवडतो. बूट घालून जा. मॅन्शनजवळ लोक राहतात, खिडक्यांत डोकावून फोटो काढू नका, तिथल्या रहिवाशांना याचा कंटाळा आलेला असतो. म्युझियम उघडं आहे का, दिवस आणि तिकीट काय, हे त्यांच्या वेबसाइटवर बघूनच निघा, नुसतं वाटलं म्हणून पोचलात तर दार बंद मिळू शकतं.

म्युझियममध्ये ससूनांचं काही आहे का, की सगळं जनरलांचंच?

भर हेरगिरीवर आहे आणि ते साहजिक आहे, तिकीट त्यावर खपतं. फिलिपच्या पार्ट्या आणि सजावट त्याच्या मागोमाग. माझं म्हणणं एवढंच की फिलिपपाशी थांबू नका. आजोबा गोदी बांधणारे, पणजोबा अफू आणि कापूस विकणारे, वडील मुंबईत जन्मलेले, हे भिंतीवर एका पॅनलभर तरी यायला हवं. एनफील्डच्या शाळेतल्या मुलांमध्ये भारतीय वंशाची कितीतरी आहेत, त्यांना आपल्या आजोळच्या शहराचं नाव तिथे दिसलं तर बिघडलं कुठे?

शेवटचा, आमचा मुलगा लंडनला असतो, तिथे फ्लॅट घ्यायचं म्हणतोय. घ्यावा का?

इतिहासासाठी घेऊ नका, इतिहास पार्कमध्ये फिरूनही मिळतो. राहायला घेत असेल तर सॉलिसिटरला चार गोष्टी विचारायला सांगा: पट्ट्याची किती वर्षं शिल्लक आहेत, गेल्या तीन वर्षांचा सर्व्हिस चार्ज किती आणि दरवर्षी किती वाढला, मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळा फंड आहे का, आणि आधीच्या मालकाने आत काही बदल केले असतील तर त्यांची लिस्टेड परवानगी कागदावर आहे का. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण विनापरवाना काम दुसऱ्याने केलं असलं तरी ते पूर्ववत करायची नोटीस आज जो मालक असेल त्याच्या नावाने निघू शकते. आणि बंगल्यातला फ्लॅट आणि आवारातलं नवं घर यांचे खर्च सारखे नसतात, ब्रोशरमध्ये दोन्हीला एकच फोटो लावतात, तो बंगल्याचा असतो.